मनाली सोडा, वशिष्ठ गाठा!

मनालीला जाऊन आलेला माणूस ओळखणं अगदी सोप्पं असतं. त्याच्या मोबाइलमध्ये तीन फोटो असतातच. पहिला, भाड्याच्या लाल-निळ्या स्नोसूटमध्ये गमबूट घालून बर्फात आडवा पडलेला. दुसरा, हिडिंबा मंदिराबाहेर पांढराशुभ्र अंगोरा ससा कुशीत घेऊन. आणि तिसरा, याकवर बसून. (याकच्या चेहऱ्यावरचे भाव कुणी झूम करून बघत नाही म्हणून बरं.) चार रात्री-पाच दिवसांचं पॅकेज, त्यात चौदा ‘पॉइंट्स’, मॉल रोडवर एक कुल्लू शाल, आईसाठी अक्रोड, बॉससाठी काहीच नाही आणि सोमवारी सकाळी नऊला पुन्हा लॉगिन! ऑफिसात कुणी विचारलं, ‘कसं होतं?’ की उत्तर ठरलेलं. ‘सही होतं... पण जाम दमलो यार.’

सुट्टीहून दमून यायचं असेल तर ऑफिसात बसून काय वाईट आहे?

म्हणूनच आज एक वेगळा पत्ता देतेय. मॉल रोडपासून जेमतेम तीन किलोमीटर. बियासचा पूल ओलांडायचा, रोहतांगकडे जाणाऱ्या रस्त्यानं थोडं पुढे जायचं आणि उजवीकडे वर चढणारा फाटा पकडायचा. रिक्षा जाते, पाय असतील तर पायही जातात. वर पोचलं की देवदार आणि सफरचंदांच्या बागांच्या मधोमध डोंगराला चिकटून बसलेलं एक गाव लागतं. हेच वशिष्ठ. गावाच्या मध्यभागी एक जुनं देऊळ, आणि देवळाच्या पोटातून चोवीस तास वाहणारं गरम पाणी. पॅकेजवाले इथेही येतात म्हणा. अर्धा तास. कुंडात अंगठा बुडवतात, ‘बाप रे, कसलं गरम आहे’ म्हणतात आणि टॅक्सीचा हॉर्न वाजला की पळतात.

आम्ही ऑफिसातले चौघं ऑक्टोबरमध्ये दिवाळीची सुट्टी जोडून गेलो आणि सलग चार रात्री इथेच मुक्काम ठोकला. आमच्यातला टेस्टिंगवाला पहिल्या दिवशी फार अस्वस्थ होता. ‘पण इथे करायचं काय?’ हा त्याचा एकच प्रश्न. चौथ्या दिवशी त्याला गावातून बाहेर काढताना आमच्या नाकी नऊ आले.

आधी पाण्याबद्दल. देवळाच्या आवारात दोन कुंडं आहेत, पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं. दगडी बांधणी, चारी बाजूंनी उंच भिंती आणि वर उघडं आकाश. पहाटे सहाला मी आणि आमची एचआरवाली टॉवेल घेऊन आत शिरलो. बाहेर थंडीनं दात वाजत होते, आत वाफेनं समोरचा माणूस दिसत नव्हता. मी उत्साहात सरळ पायऱ्या उतरायला लागले तर वाफेतून आवाज आला, ‘रुको बेटा. पहले उधर धार के नीचे नहाओ. फिर पैर डालो. फिर बैठो.’ एक सत्तरीच्या अम्माजी गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या होत्या. डोक्यावरचा रंगीत ‘धाटू’, म्हणजे कुल्लूच्या बायका बांधतात तो रुमाल, तेवढा कोरडा.

अम्माजींची शिस्त अशी : कुंडात साबण नाही, शाम्पू तर नाहीच. अंग आधी बाहेरच्या धारेखाली स्वच्छ करायचं. मग पाय बुडवून पाच मिनिटं बसायचं, मग कमरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत. आणि दहा-पंधरा मिनिटांत बाहेर. ‘नहीं तो चक्कर आएगा, फिर हम उठाएँगे,’ असं म्हणून त्या अशा काही हसल्या, की बहुतेक आजवर बऱ्याच शहरी पोरींना त्यांनी उचललं असावं.

पाण्याला गंधकाचा वास येतो, उकडलेल्या अंड्यासारखा. पहिली दोन मिनिटं नाक मुरडतं, मग त्याला सवय होते. आपल्याकडे वज्रेश्वरी-अकलोलीला किंवा कोकणात तुरळ, राजवाडी, उन्हवऱ्याला गेलेल्यांना हा वास ओळखीचा वाटेल. तत्त्वही तेच. इथे आसपास कुठे ज्वालामुखी नाही. पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल झिरपतं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या एखाद्या भेगेतून वर येतं. कुल्लू जिल्ह्यात असे झरे बरेच. मनालीच्या अलीकडे कलाथला आहे, पार्वती खोऱ्यात खीरगंगेला आहे. आणि मणिकरणचं पाणी तर इतकं कढत की लंगरचा भात त्यातच शिजतो. त्या मानानं वशिष्ठचं पाणी समजूतदार म्हणायचं. माणसाला बसू देतं.

पण मला जास्त गंमत वाटली ती देवळाबाहेरच्या पाण्याची. कुंडातून पुढे येणारं हेच गरम पाणी बाहेर दगडी धारांतून पडतं आणि तिथे गावाचा संसार चालतो. कुणी कपडे धुतंय, कुणी कढई घासतंय, कुणी लोकर खळबळतंय. शाळेत जाणाऱ्या पोरांची तोंडं पुसली जातायत. आपल्याकडे गीझर लावला की बिल दिसायला लागतं, आणि फ्लॅटमेट वीस मिनिटं शॉवरखाली राहिला की भांडण. इथे कडाक्याच्या थंडीत अख्ख्या गावाला फुकट गरम पाणी, आणि तेही कुणा एकाच्या मालकीचं नाही. आपण ज्याला ‘टुरिस्ट अट्रॅक्शन’ म्हणतो ते या लोकांचं न्हाणीघर आहे, हे एकदा डोक्यात शिरलं की आपलं वागणं आपोआप बदलतं.

बदलायला हवं, असं म्हणू या. कारण दुसऱ्या दिवशी एक प्रसंग घडला. कुंडात आम्ही आठ-दहा जणी होतो, बहुतेक गावातल्याच. एक पर्यटक मुलगी मोबाइल घेऊन आत आली. व्हिडिओ कॉल चालू. ‘देख ना, कितना मस्त स्टीम आ रहा है!’ कुणी ओरडलं नाही. अम्माजींनी फक्त तोंड भिंतीकडे फिरवलं. मग त्यांच्या शेजारच्या बाईनं. मग तिसरीनं. बघता बघता अख्ख्या कुंडानं पाठ फिरवली. त्या मुलीला आधी काही कळेना. मग एक तरुण बाई शांतपणे म्हणाली, ‘दीदी, यहाँ हमारे घर की औरतें नहाती हैं.’ मुलगी चपापून बाहेर गेली. वाईट नव्हती हो ती, पाच मिनिटांनी फोन ठेवून परत आली, सॉरी म्हणाली, आणि अम्माजींनी तिलाही ‘पहले पैर डालो’पासून सुरुवात करून दिली. पण त्या फिरलेल्या पाठी मला अजून दिसतात. पुरुषांकडेही हाच नियम आहे बरं का. टेस्टिंगवाल्यानं बाहेर येऊन सांगितलं, की तिथे एका काकांनी कुणाचातरी गोप्रो जप्त करून लुंगीवर ठेवून दिला होता.

आता देवळाची गोष्ट, कारण ती माहीत नसेल तर समोर वाहणारी नदी नुसतीच नदी दिसते. महाभारताच्या आदिपर्वात कथा येते. वसिष्ठ ऋषींचे शंभर मुलगे मारले गेले. दुःखानं वेडापिसा झालेला हा बाप जीव द्यायला निघाला. स्वतःला दोरखंडांनी करकचून बांधून त्यानं नदीत उडी घेतली. नदीनं काय करावं? तिनं त्याचे पाश तोडले आणि त्याला अलगद काठावर आणून ठेवलं. म्हणून ती ‘विपाशा’, पाशातून सोडवणारी. तीच आजची बियास. गावात लक्ष्मणाचीही एक गोष्ट सांगतात. गुरूला अंघोळीसाठी लांब जावं लागतं हे बघून त्यानं जमिनीत बाण मारला आणि गरम पाणी काढलं, म्हणे. मला स्वतःला ती नदीची गोष्ट जास्त आवडते. कुठल्याही काळातल्या खचलेल्या माणसाला नदीनं परत काठावर ठेवावं, यात काहीतरी आहे.

‘करायचं काय?’चं उत्तर मघापासून लांबवतेय, तर ते घ्या आता. चालायचं! देवळाच्या मागून एक पायवाट निघते ती जोगिनी धबधब्याकडे. जाऊन-येऊन रमतगमत अर्धा दिवस. सुरुवातीला गावातली जुनी घरं लागतात. लाकडाचे ओंडके आणि दगड यांचे एकावर एक थर, मध्ये सिमेंट नाही, चुना नाही. या बांधणीला ‘काठकुणी’ म्हणतात. भूकंपात हे थर हलतात पण सहजी कोसळत नाहीत. जवळच्या नग्गरचा किल्ला याच पद्धतीचा, १९०५ च्या कांगडा भूकंपातही तो टिकून राहिला. घराच्या खालच्या मजल्यावर गायी, वर माणसं, आणि व्हरांड्यात वाळत घातलेला मका. गायींच्या ऊबेनं वरची खोली उबदार राहते. हे आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कसं करता येईल, यावर पुढची दहा मिनिटं चर्चा झाली.

पुढे सफरचंदांच्या बागा. ऑक्टोबरच्या शेवटी झाडं रिकामी असतात, पानं पिवळी पडलेली. मग पाइन आणि देवदार, दोन-तीन ओढे, आणि डावीकडे खोल खाली बियासचं अख्खं खोरं. धबधबा लांबूनच दिसतो आणि ‘आलंच की’ असं वाटायला लावून अर्धा तास खेळवतो. पायथ्याशी देवीचं छोटं ठाणं आहे. गावकऱ्यांच्या लेखी धबधबा ही तिची जागा, त्यामुळे तिथे बिअरची बाटली उघडणाऱ्यांकडे ते ज्या नजरेनं बघतात ती बघण्यासारखी असते. शेवटचा टप्पा ओल्या दगडांचा आहे. फ्लोटर्स, क्रॉक्स वगैरे घालून जाऊ नका. आमच्यातली एचआरवाली गेली, आणि उरलेला मार्ग तिनं ‘वर्क फ्रॉम होम’ पद्धतीनं, म्हणजे बसूनच, पूर्ण केला.

येताना भूक लागते ती सिड्डूवर भागवावी. गव्हाच्या आंबवलेल्या पिठाचा वाफवलेला गोळा, आत अक्रोड किंवा खसखशीचं सारण, वर तुपाची धार. मोदकाचा पहाडी चुलतभाऊच. एक खाल्ला की दुसरा मागवावासा वाटतो, दुसरा खाल्ला की उठवत नाही.

ज्यांना आणखी खाज आहे त्यांच्यासाठी इथून वर भृगु लेकची वाट जाते. पण ते सरोवर सुमारे १४ हजार फुटांवर, म्हणजे गावाच्या साधारण दुप्पट उंचीवर आहे. सिंहगड दर रविवारी करतो म्हणून हे एका दमात करू नये. गाइड, तंबू आणि वरच्या हवेची सवय व्हायला वेळ, या तिन्ही गोष्टी हव्यात. आणि ज्यांना हिमालय शिस्तीत शिकायचाय त्यांच्यासाठी नदीच्या याच बाजूला, अलेओला, १९६१ पासूनची सरकारी गिर्यारोहण संस्था आहे. आळशांसाठी सर्वांत मस्त म्हणजे डाव्या काठाचा जुना रस्ता. प्रिणी, मग कुल्लू राजांची जुनी राजधानी जगतसुख, आणि शेवटी नग्गर, जिथे रशियन चित्रकार निकोलस रोरिक १९२८ पासून १९४७ मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिला. त्याची चित्रं बघून बाहेर आलं की समोरचे डोंगर त्याच निळ्या-जांभळ्या रंगात उभे असतात. हायवेवर ट्रॅफिक जॅम आणि इथे शुकशुकाट. सायकल मिळाली तर सोने पे सुहागा.

थोडं गंभीर. सोलंगला आम्हीही गेलो, कारण पॅराग्लायडिंगचं टेस्टिंगवाल्याचं ‘बकेट लिस्ट’ होतं. तो तयार झाला, हेल्मेट चढलं, हार्नेस बांधला. मांडीच्या पट्ट्याचं बक्कल ‘टक्’ असं लागेना. दोनदा ओढून बघितलं, दोनदा सुटलं. पायलट म्हणाला, ‘कुछ नहीं होता भैया, रोज़ के पचास उड़ाते हैं.’ टेस्टिंगवाल्याचा धंदाच बग शोधण्याचा. तो म्हणाला, दुसरा हार्नेस द्या, नाहीतर मी उडत नाही. दुसरा मिळाला नाही. पैसेही परत मिळाले नाहीत. ‘फट्टू’ म्हणून मागे रांगेतली पोरं हसली ती वेगळीच. तो मात्र शांतपणे हेल्मेट काढून बाजूला झाला. त्या सगळ्या ट्रिपमध्ये कुणी केलेली ही सगळ्यात डेअरिंगची गोष्ट होती, असं माझं मत.

कारण आम्हाला एक बातमी आठवत होती. डिसेंबर २०२२ मध्ये कुल्लूतल्या डोभी इथे साताऱ्याकडचा एक तिशीचा तरुण पॅराग्लायडिंग करताना हवेतून खाली पडून गेला. मित्रांबरोबर फिरायला आलेला. आपल्यासारखाच. तेव्हा उडा जरूर, मजा येते असं सगळेच सांगतात. पण नोंदणीकृत ऑपरेटर आणि पायलटचं लायसन्स आधी बघायला मागा. लाजू नका. प्रत्येक पट्टा स्वतः ओढून बघा. दरवर्षी १५ जुलै ते १५ सप्टेंबर या काळात हिमाचलात पॅराग्लायडिंगला बंदी असते. त्या दिवसांत कुणी ‘ऍडजस्ट करतो’ म्हणाला तर सरळ उलट्या पावली निघा. आणि वारा सुटला म्हणून उड्डाणं थांबवली तर भांडू नका. ‘आमची उद्या फ्लाइट आहे’ हे वाऱ्याला सांगून उपयोग नसतो.

दुसरी गोष्ट नदीची. पाणी कमी असलं की बियासच्या पात्रातले मोठाले गोटे खुणावतात. मधल्या गोट्यावर उभं राहिलं की फोटो झक्कास येतो. ८ जून २०१४ ला मंडी जिल्ह्यात थलौटजवळ हैदराबादच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजची मुलं अशीच पात्रात उतरली होती. वर लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं आणि २४ विद्यार्थी वाहून गेले. पाणी वाढताना आवाज येतो, वेळ मिळतो, हे सिनेमात. ९ आणि १० जुलै २०२३ च्या पावसात याच नदीनं मनालीच्या खालचा हायवे, हॉटेलं, गाड्या सगळं सोबत नेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा रस्ता तुटला. आमच्या गेस्टहाउसच्या मालकांनी पलीकडच्या काठावरची मोकळी जागा बोटानं दाखवली. ‘वहाँ दुकानें थीं,’ एवढंच म्हणाले आणि चहा आणायला गेले. तिथे बघत बसलं की विपाशेची गोष्ट आठवते, आणि हेही दिसतं की आज तिच्या अगदी तोंडाशी नेऊन बांधलेल्या खोल्यांना आपण ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून जास्त पैसे मोजतो. खोली घेताना मी हल्ली उलटं विचारते, नदीपासून किती वर आहे? वशिष्ठ उंचावर आहे, हा त्याचा आणखी एक फायदा.

बर्फ बघायचाच असेल तर एक दिवस अटल टनेलपलीकडे सिस्सूला जाऊन या. ३ ऑक्टोबर २०२० ला हा नऊ किलोमीटरचा बोगदा सुरू झाला. त्याआधी हिवाळ्यात रोहतांग बंद झाला की लाहौल महिनोन्‌महिने तुटलेलं असायचं. आता सकाळी इडली खाऊन निघालेला माणूस दुपारी तिकडे मॅगी खातो. फक्त रविवारी जाऊ नका, अख्खी दिल्ली तिथेच असते.

प्रॅक्टिकल माहिती, पटापट. मुंबई-पुण्याहून दिल्ली किंवा चंदीगडपर्यंत ट्रेन नाहीतर विमान, पुढे रात्रीची बस. भुंतरला विमानतळ आहे, मनालीपासून पन्नासेक किलोमीटरवर, पण पहाडी हवामानात विमान रद्द होऊ शकतं. मे-जून म्हणजे गर्दीचा कहर. जुलै-ऑगस्टला माझ्यापुरती फुली. सप्टेंबरअखेर ते मध्य नोव्हेंबर बेस्ट. कुंडासाठी गडद रंगाचे अंगभर कपडे, जुना टॉवेल आणि रबरी चपला न्या. चांदीचे दागिने काढून ठेवा, गंधकानं काळे पडतात (एचआरवालीच्या पैंजणांना श्रद्धांजली). बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी कुंडात उतरण्याआधी डॉक्टरांना विचारा. सकाळी सात वाजायच्या आत गेलात तर गावातली माणसं भेटतात, दहानंतर गेलात तर तुमच्याच ऑफिसातली भेटतील. आणि सोमवारी हजर राहायचंय म्हणून रविवार रात्रीचंच परतीचं विमान बुक करू नका. दरड कोसळली, रस्ता अडला, तर एक दिवस हातचा असू द्या. आमचा उरला. तो आम्ही कुंडात घालवला.